हरवलेल्या मुलीच्या शोधावर कादंबरी लिहितोय. पोलीस तपास खरा वाटावा म्हणून काय माहीत हवं?

तुमची कादंबरी मुंबईतली आहे, दोन पोलीस सात वर्षांच्या मुलीला शोधतायत आणि आई पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जाते त्या प्रसंगाशी तुम्ही अडलाय, असं तुम्ही लिहिलंय. मी बरीच वर्षं रेल्वे स्टेशनांवर एकट्या सापडणाऱ्या मुलांसाठी काम केलंय. तेवढ्या अनुभवावर सांगतो.

'चोवीस तास वाट बघा, मग या' हे वाक्य ठाणे अंमलदाराच्या तोंडी घातलं असेल, तर काढून टाका. 10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांसाठी काम करणाऱ्या 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर स्पष्ट सांगितलं, की मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवलं गेलंय असं धरून गुन्हा नोंदवायचा. त्याआधी बऱ्याचदा नुसती 'मिसिंग'ची नोंद व्हायची. कथा कुठल्या साली घडते ते आधी ठरवा, कारण 1 जुलै 2024 पासून अपहरणाचं कलमही बदललंय. भारतीय दंड संहितेच्या कलम 363 च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 137(2) आलंय. आणखी एक, चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो. ज्यांनी त्या आईला रोज तोंड दिलं, त्यांच्या हातून फाईल निघून जाते. हा प्रसंग मला कुठल्या गुन्हेकथेत वाचायला मिळालेला नाही. तुम्ही लिहा.

आता खरं महत्त्वाचं. अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले सहायक फौजदार राजेंद्र भोसले यांच्याबद्दल जरूर वाचा. 2008 ते 2015 या काळात त्यांच्या ठाण्याच्या हद्दीतून 166 मुली हरवल्याची नोंद झाली. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 165 शोधल्या. उरलेली एक जानेवारी 2013 मध्ये शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली होती, वय सात. भोसले 2015 मध्ये निवृत्त झाले, पण तिचा फोटो जवळ ठेवून शोधत राहिले, तिच्या घरी जात राहिले. ऑगस्ट 2022 मध्ये ती परत आली, सोळा वर्षांची होऊन. शेवटी ती राहत होती ते ठिकाण तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

ती सापडली कशी, हे तर नीट बघा. कुठल्याही गुप्तहेराच्या डोक्यातून ते आलं नाही. आपल्याला पळवून आणलंय हे तिला कळलं, आणि कामाच्या ठिकाणी भेटलेल्या एका बाईच्या मदतीने इंटरनेटवर तिचं जुनं हरवल्याचं पोस्टर मिळालं. त्यावर पाच फोन नंबर होते. चार बंद पडले होते. पाचवा एका शेजाऱ्याचा होता, तो लागला.

आणि मूल सापडल्यावर ते पत्ता सांगेल असं लिहू नका. एका संध्याकाळी आमच्याकडे पाचेक वर्षांचा मुलगा आणला होता. बाबांचं नाव काय? 'पप्पा.' कुठे राहतोस? 'टाकीजवळ.' दोन तास आम्ही त्याला बिस्किटं देत तेच तेच विचारत होतो. मग आमच्यातल्या एका ताईने त्याच्या शाळेच्या शर्टाची कॉलर उलटी केली. आत शिंप्याचं कापडी लेबल होतं, धुऊन धुऊन अक्षरं पुसट झालेली, पण गावाचं नाव लागत होतं. तिथल्या पोलीस ठाण्याला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी त्याची आजी आली. त्याला बघून ती ओरडली नाही, रडली नाही, नुसती त्याचे पाय चाचपत राहिली. तोपर्यंत त्याला बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांना कोणाकडे सोपवायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे, हजर करून झालं होतं, कारण 24 तासांत ते करावंच लागतं. ओळख पटेपर्यंत समितीने मूल आजीच्या हाती दिलं नाही, आणि ते अगदी बरोबर होतं.

तुमच्या आईच्या प्रसंगात म्हणूनच रडण्यापेक्षा तपशील वाढवा. अंगावर काय होतं, वेण्या कशा घातल्या होत्या, दात कुठला पडलाय. हवालदार हे सगळं लिहून घेतो, आणि रिबिनीचा रंग आठवत नाही म्हणून ती बाई तिथेच कोसळते. मग फोटो मागतात. घरात बहुतेक वेळा लग्नातला ग्रुप फोटोच असतो, त्यातून चेहरा कापून पोस्टर निघतं. त्या पोस्टरवर कोणाकोणाचे नंबर टाकले आणि त्यातला कुठला नऊ वर्षं चालू राहणार, हे मात्र तुम्ही पहिल्याच प्रकरणात ठरवून ठेवा.