क्लिफ रिचर्डचा ‘समर हॉलिडे’ आज पाहण्यासारखा आहे का?

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या रेकॉर्डांमध्ये ‘समर हॉलिडे’ची तबकडी सापडली, गाणी आवडली, तर आता १९६३ चा तो सिनेमा बघावा की दोन तास फुकट जातील? आणि त्यातला इंग्लिश पॉप गायक क्लिफ रिचर्ड भारतात जन्मला हे खरं का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, ते लवकर संपतं. खरं आहे. खरं नाव हॅरी रॉजर वेब, जन्म १४ ऑक्टोबर १९४०, लखनौ. वडील रेल्वेत खाणंपिणं पुरवणाऱ्या केलनर कंपनीत नोकरीला. काही वर्षं हावड्याला काढली आणि १९४८ मध्ये सगळं बिऱ्हाड बोटीने इंग्लंडला गेलं. सिनेमात याचा मागमूसही नाही, त्यामुळे त्या आशेने बघू नका.

आता मुख्य प्रश्न. बघा. पण गोष्टीसाठी नको आणि प्रेमकथेसाठी तर नकोच. बससाठी बघा.

यात माझा पक्षपात आहे, तो आधीच कबूल करतो. आमचे अण्णा बेस्टच्या दादर वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी रस्त्यावरून बस गेली की नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगतात. लॉकडाऊनमध्ये घरात बसून वैतागले होते, म्हणून मी त्यांना हा सिनेमा लावून दिला. इंग्रजी गाण्यांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. डबलडेकर दिसली आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसले.

गोष्ट पोस्टकार्डावर मावेल एवढी आहे. लंडन ट्रान्सपोर्टच्या वर्कशॉपमधले चार मेकॅनिक. त्यातला डॉन, म्हणजे आपला क्लिफ, साहेबांना पटवून एक डबलडेकर मागून आणतो. हिला फिरतं हॉटेल करू, युरोपात सुट्टीला नेऊ, जमलं तर तुम्ही अशा आणखी गाड्या काढा, असा सौदा. निघतात फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्याला. वाटेत तीन गाणाऱ्या मुली भेटतात, त्यांची गाडी बंद पडलेली आणि त्यांना जायचंय अथेन्सला. मग बसही अथेन्सला! पुढे बसमध्ये एक पोरगा लपलेला सापडतो. तो पोरगा नसून बार्बरा नावाची अमेरिकन गायिका असते, आईच्या जाचाला कंटाळून पळालेली. कपडे बदलले की ती मुलगी आहे हे सात जणांपैकी एकालाही कळत नाही. आपल्याकडे हिरोने गालावर तीळ चिकटवला की सख्खी आईसुद्धा ओळखत नाही, त्याच जातीचा हा प्रकार.

इथे एक गंमत आहे, आणि ती मला सिनेमातल्या सगळ्या विनोदांपेक्षा जास्त आवडते. ज्याचा गळा त्या वेळी अख्खं इंग्लंड ऐकत होतं, तो या सिनेमात हातात पाना घेतलेला मेकॅनिक. आणि जी पडद्यावर नामांकित गायिका आहे, तिचा आवाज उसना! बार्बराचं काम करणारी लॉरी पीटर्स हिच्यासाठी गाणी ग्रॅझिना फ्रेम नावाच्या गायिकेने म्हटली आहेत. आपल्याला प्लेबॅकचं काय कौतुक, आपण त्यावरच वाढलो. पण लॉरी पीटर्सला गाता येत नव्हतं असंही नाही. १९५९ मध्ये ब्रॉडवेवर ‘साउंड ऑफ म्युझिक’ हे नाटक पहिल्यांदा आलं, त्यातली थोरली मुलगी लिझल तीच होती.

क्लिफचा अभिनय? गोड चेहरा, स्वच्छ दात, बाकी आनंद. भावनिक प्रसंगात तो बसथांब्यावर उभा असल्यासारखा दिसतो. पण त्याच्या हातात काहीतरी काम दिलं की तोच माणूस एकदम मोकळा होतो, आणि सिनेमा बनवणाऱ्यांनी हे बरोबर ओळखलंय. पॉप गायकाला घेऊन त्या काळात असे ढिगाने सिनेमे निघाले. एल्व्हिस प्रेस्लीच्या सिनेमांत तो कुठे टुरिस्ट गाइड असतो, कुठे वैमानिक, पण तो धंदा नावापुरता. दोन मिनिटांत गिटार हातात येते आणि कामाचा विषय संपतो. इथे वर्कशॉप खरं आहे. लंडनजवळच्या आल्डनहॅम इथे लंडन ट्रान्सपोर्टचा मोठा कारखाना होता, बसची बॉडी उचलून चासीपासून, म्हणजे खालच्या सांगाड्यापासून, वेगळी करायची आणि दोन्ही नव्यासारखी करून पुन्हा जोडायची, असं काम तिथे चालायचं. ‘सेव्हन डेज टू अ हॉलिडे’ हे गाणं त्याच कारखान्यात चित्रित झालंय. सात दिवसांत बसचं घर करायचं, म्हणून सगळा कारखाना नाचत नाचत कामाला लागतो. नाच हर्बर्ट रॉसने बसवलेत, तो पुढे हॉलिवूडचा मोठा दिग्दर्शक झाला.

हे गाणं अण्णांनी तीन वेळा लावायला सांगितलं. नाचाकडे त्यांचं लक्ष नव्हतंच. “सीटा काढल्या त्या ठेवल्या कुठे?” हा त्यांचा पहिला प्रश्न. रास्त आहे. ही आरटी जातीची बस, एईसी कंपनीच्या बनावटीची, खाली २६ आणि वर ३० अशी ५६ माणसं बसवणारी. एवढ्या सीटा निघाल्या तर कोपऱ्यात ढीग दिसायला हवा. तो दिसत नाही. त्या बसला क्लचच्या जागी वेगळंच पेडल असायचं: गिअर आधी निवडून ठेवायचा आणि मग पाय दाबला की तो पडायचा. हे मी त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, “म्हणूनच गातोय लेकाचा. गुडघा दुखत नाही ना.”

सिनेमाची सुरुवात चुकवू नका. सिनेमा पळवत बघायची सवय असेल तर निदान पहिली पाच मिनिटं हात आवरा. सुरुवात कृष्णधवल आहे. समुद्रकाठचं एक इंग्रजी गाव, सुट्टीला आलेले लोक, बँड वाजतोय आणि वरून पाऊस. आपल्याकडे पहिला पाऊस म्हणजे भजी आणि गाणी. तिकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत पाऊस म्हणजे वर्षभर साठवलेल्या पैशांवर पाणी. सगळे तोंड पाडून बसलेले. मग ती लाल डबलडेकर येते आणि पडदा रंगीत होतो. एवढीच युक्ती, पण मला दर वेळी बरं वाटतं.

आणि हे कुठल्या दिवसांत लोकांनी पाहिलं ते लक्षात घ्या. लंडनमध्ये पहिला खेळ झाला १० जानेवारी १९६३ ला. तो हिवाळा इंग्लंडमध्ये १७४० नंतरचा सगळ्यात कडक होता. नद्या गोठलेल्या, रस्त्यांवर आठवडेच्या आठवडे बर्फ. अशा थंडीत कुडकुडत थिएटरात शिरलेल्या माणसाला पडद्यावर ग्रीसचं ऊन दाखवलं तर तो कथानकाचे कच्चे दुवे काढत बसेल का? आजोबांच्या त्या तबकडीने तर इंग्लंडच्या अल्बमांच्या खपाच्या यादीत १४ आठवडे पहिला नंबर सोडला नाही. नंतर तो घेतला बीटल्सच्या पहिल्या अल्बमने. त्यांचं ‘प्लीज प्लीज मी’ हे गाणं बाजारात आलं ११ जानेवारीला, म्हणजे या सिनेमाच्या दुसऱ्याच दिवशी. क्लिफ पुढेही दशकानुदशकं गात राहिला, पण गुळगुळीत केसांच्या सालस मुलांचे दिवस त्या आठवड्यापासूनच भरत आले होते. हे माहीत असलं की साधी गाणीसुद्धा जराशी वेगळी ऐकू येतात.

कंटाळा कुठे येईल तेही सांगतो. मूकाभिनय करणाऱ्या मंडळींचा भाग लांबलाय. युगोस्लाव्हियातलं प्रकरण, म्हणजे भाषा कळत नाही म्हणून गळ्यात लग्न पडायची वेळ, आज बघताना अवघडल्यासारखं होतं. खेडवळ माणसं म्हणजे हसायची वस्तू, एवढाच त्यातला विनोद. तिथे खुशाल चहा टाकायला उठा. त्याआधी येणारं ‘बॅचलर बॉय’ मात्र चुकवू नका. सिनेमा तयार झाल्यावर लांबीला कमी पडतोय असं लक्षात आलं, म्हणून हे गाणं मागाहून घातलं. ग्रीसला परत जाणं परवडणारं नव्हतं, तेव्हा ते स्टुडिओतच उरकलं. ठिगळ म्हणून लावलेलं गाणं सगळ्यात जास्त टिकलं. आणि ते म्हणणारा खरोखर आजतागायत बिनलग्नाचा आहे.

चेहरे ओळखायची हौस असेल तर आणखी मजा. तीन मुलींमधली उना स्टब्ज म्हणजे अलीकडच्या ‘शेरलॉक’ मालिकेतल्या मिसेस हडसन. चार मेकॅनिकांमधला बुटका मेल्विन हेज पुढे बीबीसीच्या ‘इट एंट हाफ हॉट मम’ या विनोदी मालिकेत गाजला. ती घडते कुठे? आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत, ब्रिटिशांच्या छावणीत! दिग्दर्शक पीटर येट्सचा हा पहिलाच सिनेमा, आणि पाचच वर्षांनी त्याने ‘बुलिट’ केला, ज्यातला सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा मोटारींचा पाठलाग अजून लोक दाखले म्हणून दाखवतात. डबलडेकर हाकून हात बसला असणार.

मुंबईची शेवटची साधी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला धावली. त्या दिवशी अण्णांना घेऊन जायचं ठरवलं होतं, त्यांनी नाही म्हटलं. संध्याकाळी मात्र स्वतःहून “तो बसवाला पिक्चर लाव” म्हणाले. पुन्हा वर्कशॉपचं गाणं आलं, पुन्हा सीटांचा विषय निघाला. बस कारखान्याबाहेर पडून परदेशाच्या वाटेला लागली तेव्हा ते गप्प होते. मला वाटलं, हळवे झाले. चष्मा पुसून म्हणाले, “एवढं काम काढलं गाडीचं आणि ट्रायल न घेता सोडली?”