‘आर्डुइनो उनो बोर्डाने बायॉस चिप (लॅपटॉप चालू करणारा प्रोग्रॅम जिच्यात असतो ती) प्रोग्रॅम करू नका, उडेल’ असं दुकानदार म्हणतो. खरं आहे का?

खोटं आहे. चिप बोर्डामुळे उडत नाही, व्होल्टेजमुळे उडते. उनो 5 व्होल्टवर चालतो आणि डब्ल्यू25क्यू64 सारख्या चिपला 3.6 च्या वर द्यायचं नाही. सीएस (चिप सिलेक्ट), क्लॉक आणि डीआय (डेटा इन) या तीन वायरींवर व्होल्टेज उतरवणारा रेझिस्टरचा डिव्हायडर लावा, चिपच्या डब्ल्यूपी (राइट प्रोटेक्ट) आणि होल्ड या पिना 3.3 ला जोडा, की काम होतं.

हेच वाक्य मी तीन वर्षं रोज ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो. कोल्हापुरात एका रिपेअरिंगच्या दुकानात कामाला होतो. एका शिक्षिकेचा लॅपटॉप आला. बॅटरी बाद झालेली, अपडेट चालू असताना लाईट गेली आणि मशीन डेड. चिप मदरबोर्डवर असतानाच मी क्लिप लावली आणि उनोने डंप, म्हणजे चिपमधल्या सगळ्या डेटाची कॉपी, घेतला. 8 एमबी वाचायला सेकंदाला 115200 बिटच्या स्पीडने बारा मिनिटं लागतात. मग दुसऱ्यांदा घेतला. दोन्ही फायली लावून बघितल्या तर 11 बाइट वेगळे. उनोच्या 3.3 च्या पिनमधून फार तर 50 मिलिअँपिअर मिळतात, आणि क्लिप लावली की चिपबरोबर आजूबाजूचं सर्किटही त्यातूनच करंट ओढतं, म्हणून वाचताना चूक होते. मी म्हटलं, हॉट एअरने चिप उचलतो, मोकळी करून पुन्हा वाचतो.

सिनिअर दादा म्हणाले, “एवढा वेळ कुणाकडे आहे?” त्यांनी आपला यूएसबी प्रोग्रॅमर (चिप वाचायचं-लिहायचं यंत्र) लावला, एकदाच वाचलं, इरेज केलं, म्हणजे चिप पुसली, आणि नेटवरून उतरवलेला बायॉस मारला. लॅपटॉप चालू झाला, पण सिरिअल नंबर गेला आणि लॅनचा मॅक ॲड्रेसही (नेटवर्कवरची मशीनची ओळख) गेला. जुनं परत आणायला दादांचा डंप उघडला, तर अर्ध्यापासून शेवटपर्यंत नुसते एफएफ, म्हणजे रिकामं. माझ्या दोन्ही फायलींत तिथे डेटा होता, म्हणजे वाचता वाचता त्यांची क्लिप सरकली होती. मॅक ॲड्रेसचा भाग माझ्या दोन्ही फायलींत तंतोतंत सारखा होता, मी तो काढून द्यायला तयार होतो. त्यांनी फाईल उघडूसुद्धा दिली नाही. “तुझा बोर्ड आधी लागला, त्यानेच चिप बिघडवली,” असं मालकांसमोर सांगितलं.

दादा, 03 ही रीड कमांड आहे. तिने चिपमधला एक बिटही बदलत नाही. पुसायला आधी 06 देऊन राइट इनेबल करावं लागतं, मग इरेज, आणि त्यातही कमीत कमी 4 केबीचा सेक्टर जातो. हे चिपच्या डेटाशीटमध्ये छापलेलं आहे. तेव्हा मालकांना दाखवायला माझ्याकडे छापील प्रत नव्हती.

तेव्हा तुम्ही प्रोग्रॅमर घ्या नाहीतर बोर्ड वापरा, पण दोन डंप अक्षरशः सारखे येईपर्यंत इरेजला हात लावू नका. नवीनच घेणार असाल तर रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड घ्या, तो मुळातच 3.3 चा आहे, डिव्हायडर लागत नाही.

एक राहिलं. चिपवरचा नंबर आधी भिंगातून नीट वाचा. नंबरात 25क्यू64 च्या पुढे एफडब्ल्यू असेल तर ती 1.8 व्होल्टची आहे, तिला पिकोसुद्धा थेट लावायचा नाही. आणि क्लिप लावण्याआधी चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढा, कॉइन सेलसकट.