घरी पितळेचं बारीक काम करायला छोटं मिलिंग मशीन कोणतं घ्यावं? की काका म्हणतात तसं ड्रिल मशीनला क्रॉस वाइस (काम पकडून आडवं-उभं सरकवणारा शिकंजा) लावून भागेल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही भागत. तुमचे काका म्हणतात म्हणून तर अजिबात नाही, कारण आमच्याकडेही असेच एक आहेत.

भोसरीत टूलरूममध्ये मी ३१ वर्षं मिलिंगवर, म्हणजे फिरत्या कटरने धातू तासण्यात काढली, त्यातली बरीचशी एचएमटीच्या एफएन टू मिलिंग मशीनवर. ड्रिलवर मिलिंग करू नये हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी केलं. निवृत्त झालो तेव्हा आमच्या साडूंनी बेंच ड्रिल भेट दिलं, वर क्रॉस वाइस. "आता मिलिंग मशीनमध्ये पैसे घालू नकोस, यावर दोन्ही कामं होतात." साडू वयाने मोठे, स्वतःचं फॅब्रिकेशनचं शॉप, आणि बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरातून आदेश आला, एवढं प्रेमानं दिलंय तर वापरा की. वापरलं.

डुलत्या सिलिंडरचं छोटं वाफेचं इंजिन करत होतो. गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) ठोकळा जुन्या बाजारातून आणलेला. मित्राच्या लेथवर १२ मिमीचा बोअर, म्हणजे पिस्टनचं भोक, करून गुळगुळीत करायला रीमर मारला, पिस्टन बसवून बघितला, बोटाने तोंड दाबलं की हवा धरायचा. पंधरा दिवस त्यात गेले. राहिला होता फक्त पोर्ट फेस, म्हणजे वाफेच्या भोकांची बाजू. तो सपाट आणि बोअरला समांतर नसला तर वाफ पिस्टनला न ढकलता फटीतून निघून जाते, तेव्हा तो शेवटी निवांत करायचा ठरवला. रविवार होता, साडू जेवायला आलेले, गॅलरीच्या दारात सुपारी कातरत उभे. चकमध्ये, म्हणजे ड्रिल पकडणाऱ्या जबड्यांत, ६ मिमीचा एंड मिल (टोकाने आणि बाजूने कापणारा कटर), कट पाव मिमीचा. पहिला पास गेला. आवाज खरखरीत होता, पण गेला. दुसऱ्या पासला निम्म्यावर चक टेपरमधून, म्हणजे निमुळत्या बैठकीतून, सुटला आणि फिरता फिरता खाली बसला. कटर फेसमधून सरळ बोअरमध्ये.

वाइस सैल करून जॉब उजेडाला धरला तर सिलिंडरच्या भिंतीतून पलीकडचं कडीपत्त्याचं झाड दिसत होतं.

साडू म्हणाले, "फीड जास्त दिलास." म्हणजे जॉब फार भरभर सरकवला.

त्याला आता सहा वर्षं झाली. दर लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्याच्या जेवणातसुद्धा हे ऐकून झालंय.

तर कारण ऐका. ड्रिलचा चक टेपरवर नुसता दाबून बसलेला असतो. भोक पाडताना जोर खालून वर येतो, त्यामुळे तो आणखी घट्ट होतो. मिलिंगमध्ये जोर येतो आडवा, तोही दाताबरोबर ठोके देत. शिवाय एंड मिलचा पीळ कटरला खाली ओढतो. टेपर कितीही चांगला असला तरी कधीतरी सुटणारच. मिलिंग मशीनमध्ये वरून खेचून धरणारा ड्रॉ बार असतो तो त्यासाठीच. चकचे तीन जबडे कटरची कडक शँक (दांडी) तीन रेषांवर धरतात, कॉलेट, म्हणजे चिरा दिलेली नळी, सगळीकडून धरतो. क्विल (खाली-वर सरकणारी नळी) आणि बेअरिंगचा आडवा प्ले, म्हणजे ढिलेपणा, वेगळाच.

आता मशीनचं. तुम्ही प्रॉक्सॉन एमएफ ७० आणि सीग एक्स टू जातीचं चिनी मिनी मिल यांत अडकलाय. दोन्ही चांगली, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत. प्रॉक्सॉन ७ किलोचं, मोटर १०० वॉटची, वेग मिनिटाला ५,००० ते २०,००० फेरे, कटरची शँक फार तर ३.२ मिमी. घड्याळाची चाकं, पितळी पाट्या, एक-दोन मिमीचे खाचे, यांना उत्तम. लोखंड दाखवलंत की रडतं. एक्स टूवाल्यात १० मिमीचा कटर लोखंडात चालतो, पण वेग साधारण २,५०० ला संपतो. २ मिमीच्या कटरला पितळेत मिनिटाला ६० मीटर कापायचा वेग द्यायचा तर साडेनऊ हजार फेरे लागतात, इथं मिळतात जेमतेम सोळा मीटर. काम होतं, पण फीड मुंगीच्या पावलाने द्यावा लागतो आणि घाई केली की कटर मोडतो. तुम्हाला इंजिनं पण करायचीत म्हणता, मग माझं मत एक्स टूला.

वॉट बघून घेऊ नका, कॉलम, म्हणजे डोकं धरणारा खांब, बघा. जुन्या एक्स टूचा कॉलम वाकवता येतो, जाहिरातीत तो मोठा गुण म्हणून असतो. प्रत्यक्षात अख्खा कॉलम एका मोठ्या नटावर उभा, म्हणजे जरा जड कट घेतला की मान हलवणार. फिक्स कॉलमचं मिळालं तर तेच. गोल कॉलमचं नको, डोकं वरखाली केलं की सेटिंग गेलं. हेडमध्ये प्लॅस्टिकचे गिअर असतील तर ते कधीतरी जाणारच, माझ्या एक्स टूचे दुसऱ्याच महिन्यात गेले, बेल्टवालं बघा. आणल्यावर स्पिंडलला (कटर फिरवणाऱ्या दांड्याला) डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप, लावून टेबलावर गोल फिरवा. माझा कॉलम पुढे झुकलेला निघाला, बुडाखाली कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा घातला, साधारण एक दशांश मिमी जाडीचा असतो, आणि जागेवर आला.

ईआर कॉलेट, बरा वाइस आणि डायल, यांना मशीनच्या निम्मे पैसे बाजूला ठेवा. नाहीतर चांगलं मशीन घेऊन त्यात परत ड्रिल चक लावाल.

हेही सांगायला हवं की माझा हात टनाच्या वरच्या मशीनवर बसलेला, त्यामुळे मला सगळी छोटी मशीनं लुळीच वाटतात. तुम्हाला वाटणार नाहीत कदाचित. एक्स टू पन्नास-साठ किलोचं आहे, लिफ्ट नसेल तर हेड सोडवून वर न्या. गॅलरीत ठेवणार असाल तर पावसाळ्यात रोज तेलाचं फडकं. आणि ड्रिल मशीन वाईट नाही हो, भोकं छान पडतात. आमचं अजून आहे.

तो चकही आहे. टेपरवर घासल्याचे चकचकीत पट्टे पडलेत, नखाला लागतात, म्हणजे सुटायच्या आधी तो बराच वेळ घसरत होता. आणि फीड जास्त झाला असता तर ६ मिमीच्या कटरचा निदान एखादा दात तरी गेला असता. चारही शाबूत आहेत, परवा त्याच कटरने मी नवीन सिलिंडरचा पोर्ट फेस मारला. भाचा हे उत्तर साडूंना वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. चक शोकेसमध्ये सिलिंडरशेजारी ठेवलाय, येताना चष्मा घेऊन या.