वाचकांचे प्रश्न : इंग्रजी दप्तरांतले पूर्वज

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे इंग्लंडमधील जुन्या नोंदींतून पूर्वजांचा शोध घेण्याविषयी आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या आईचे पणजोबा इंग्रज होते. ते जी.आय.पी. रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते आणि इगतपुरीला राहत. आमच्याकडे त्यांच्या मुलीचा १८७८ सालचा बाप्तिस्म्याचा दाखला आहे आणि थडग्यावरील लेखाचे छायाचित्र आहे. त्यावर मृत्यूचे वर्ष १९०२ आणि वय ६१ असे कोरलेले दिसते. इंटरनेटवर त्याच नावाच्या एका गृहस्थाची सोळाव्या शतकापर्यंतची वंशावळ तयार मिळाली. ती आपली मानावी का? नसल्यास सुरुवात कोठून करावी? कृपया आडनाव छापू नये. — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ती वंशावळ आपली मानू नये. नाव आणि आडनाव जुळले एवढ्यावर नाते सिद्ध होत नाही. इंग्लंडमध्ये एकाच नावाची पाच-सात माणसे एकाच जिल्ह्यात, एकाच दशकात जन्मलेली सर्रास आढळतात. अशा तयार वंशावळी बहुधा एकाने दुसऱ्याच्या पाहून उतरवलेल्या असतात, त्यामुळे मूळ चूक दहा ठिकाणी दिसली तरी तिला दहा पुरावे म्हणता येत नाही. ती वंशावळ जपून ठेवावी, पण कामाला आपल्या दोन कागदांपासूनच लागावे आणि एकेक पिढी मागे जावे.

आपल्या बाबतीत पहिला टप्पा इंग्लंडमध्ये नसून मुंबई इलाख्यात आहे. येथील चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती त्या काळी लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. ‘फाइंडमायपास्ट’ या सशुल्क संकेतस्थळावर त्यांतील पुष्कळ पानांच्या प्रतिमा पाहता येतात, आणि ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’च्या संकेतस्थळावर नावानुसार शोध विनामूल्य घेता येतो. यांत सर्वांत आधी विवाहाची नोंद शोधावी, कारण त्या नोंदीत वराच्या वडिलांचे नाव बहुधा लिहिलेले असते आणि पुढची सारी निवड त्या एका नावावर होते. थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला पोहोचली १८६५ साली, आणि १८७८ मध्ये आपले पूर्वज तेथे मुलीचे वडील म्हणून दिसतात. म्हणून विवाहाची नोंद साधारण १८६५ ते १८७८ या अवधीत शोधावी, आणि ती केवळ इगतपुरीत नव्हे, तर भायखळा, कल्याण, भुसावळ अशा रेल्वेच्या ठाण्यांवरही. लंडनला गेलेल्या प्रतीत नोंद सापडली नाही, तर स्थानिक चर्चच्या मूळ नोंदवह्या पाहण्याची परवानगी मागावी. प्रत करताना ओळ गळणे किंवा आडनावाचे स्पेलिंग बदलणे हे नेहमीचेच आहे.

वडिलांचे नाव हाती आल्यावर इंग्लंडकडे वळावे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली, म्हणजे १९०२ मध्ये ६१ वर्षांची असलेली, अर्थात १८४१च्या सुमारास जन्मलेली व्यक्ती त्या नोंदणीत असण्याचा संभव चांगला आहे. मात्र जन्म नोंदवण्याची सक्ती १८७५ पासून खऱ्या अर्थाने लागू झाली. त्याआधीच्या दशकांत काही जन्म नोंदलेच गेले नाहीत. शिवाय थडग्यावरील वय हे मागे राहिलेल्यांनी सांगितलेले असते, त्यामुळे १८४१ला चिकटून न राहता १८३९ ते १८४३ अशी पाच वर्षे तपासावीत.

या नोंदणीची सूची तीन-तीन महिन्यांच्या तिमाहीनुसार लावलेली आहे. जन्म नोंदवण्यास सहा आठवड्यांची मुदत असे, म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस जन्मलेले मूल जूनला संपणाऱ्या तिमाहीत सापडू शकते. सूचीत गावाऐवजी नोंदणी जिल्ह्याचे नाव असते, आणि नवख्या माणसाची फसगत हमखास येथे होते. क्रू हे रेल्वेचे मोठे गाव, पण तेथील जन्म नँटविच या जिल्ह्याखाली नोंदलेले आहेत. स्विंडनचे जन्म त्या काळात हायवर्थखाली मिळतात. घरी ‘आजोबा स्विंडनचे’ असे ऐकलेले असेल आणि सूचीत हायवर्थ दिसले, तर ती नोंद परकी समजून सोडून देऊ नये. जनरल रजिस्टर ऑफिस, म्हणजे ही नोंदणी सांभाळणारी सरकारी कचेरी, हिच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत १८३७ पासून आईचे माहेरचे आडनावही दिलेले आहे. त्याचा उपयोग भावंडे जुळवताना फार होतो.

समजा, एकाच नावाची पाच मुले निघाली. पाचही दाखले मागवण्याची घाई करू नये. आधी मृत्यूची सूची पाहावी, कारण त्या काळी बालमृत्यू इतके होते की पाचांपैकी एखाददुसरा बालपणीच वारलेला आढळेल. मग १८५१ची खानेसुमारी पाहावी. आपले पूर्वज तेव्हा दहा वर्षांचे, म्हणजे बहुधा आईवडिलांच्या घरीच असणार, आणि १८५१च्या पानावर प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी नाते, वय, व्यवसाय आणि जन्माचे गाव हे सारे लिहिलेले असते. वडिलांचे नाव मुंबईकडील विवाहनोंदीशी जुळणारे घर कोणते, ते तेथे कळेल. त्यानंतर उलट बाजूने ताळा करावा : जो उमेदवार १८८१च्या खानेसुमारीत यॉर्कशायरमध्ये बायकोमुलांसह राहताना दिसतो, तो इगतपुरीत इंजिन चालवत नव्हता, हे उघड आहे. आपला माणूस इंग्लंडच्या पुढच्या खानेसुमारीत *न सापडणे* हाही येथे पुराव्याचाच भाग आहे. एवढे झाल्यावर उरलेल्या एका मुलाचा दाखला शुल्क भरून मागवावा.

१८३७च्या मागे जायचे तर पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील वस्तीच्या, नोंदवह्या आहेत. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ सालचा, पण इतक्या जुन्या वह्या सगळ्या गावांच्या टिकलेल्या नाहीत. १८१३ पासून बाप्तिस्म्याचे छापील तक्ते आले आणि वडिलांचा व्यवसाय व राहण्याचे ठिकाण नियमाने लिहिले जाऊ लागले. त्याआधीच्या कित्येक नोंदी म्हणजे ‘अमक्याचा मुलगा तमका’ एवढी एकच ओळ. कुटुंब मेथडिस्ट किंवा बाप्टिस्ट अशा वेगळ्या पंथाचे असेल तर बाप्तिस्मा पॅरिशच्या वहीत मिळेलच असे नाही, विवाह मात्र तेथेच मिळेल, कारण १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून सर्वांना विवाह अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्येच करावा लागे. पण हा पुढचा प्रश्न आहे. १८५१च्या पानावरून वडिलांचे जन्मगाव नक्की होईपर्यंत पॅरिशच्या वह्यांत शिरण्यात अर्थ नाही.

प्रश्न : माझे जावई इंग्रज आहेत. आमच्या बाजूची नावे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत सात पिढ्यांपर्यंत मिळाली, तेव्हापासून नातीने वडिलांच्या बाजूचा शोध मनावर घेतला आहे. दोन ठिकाणी ती अडली आहे. एका पूर्वजाचे वय १८४१मध्ये ३५ आणि १८५१मध्ये ४८ कसे? आणि दुसऱ्या एका जोडप्याचा विवाह एप्रिल १७२५मध्ये असून मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२५मध्ये दिसतो. हे मूल विवाहापूर्वीचे समजावे काय? — एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : दोन्ही ठिकाणी नोंद बरोबर असण्याची शक्यता अधिक आहे. १८४१च्या खानेसुमारीत पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहावे, अशी गणकांना सूचना होती. अडतीस वर्षांचा माणूस त्यामुळे ३५चा झाला आणि दहा वर्षांनी ४८चा दिसला. सगळ्या गणकांनी ही सूचना पाळली नाही, म्हणून त्याच पानावरील इतरांची वये पाहावीत; सगळी ०ने किंवा ५ने संपत असतील तर शंका उरत नाही. नातीला आणखी एक सांगावे : १८४१मध्ये नाते लिहिलेले नाही. एका घरात चाळिशीची बाई आणि दहा वर्षांची मुलगी दिसली, तर ती आई-मुलगी असेल, आत्या-भाची असेल किंवा मालकीण आणि मोलकरीणही असेल.

दुसऱ्या नोंदीतील मूल औरस आहे. १७५२पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून १७२५ सालचा फेब्रुवारी हा त्याच वर्षाच्या एप्रिलनंतर दहा महिन्यांनी येतो. आपल्याकडे चैत्रात शक पालटतो तसाच हा प्रकार आहे. पौष-माघ त्याच शकाच्या शेवटी येतात याचे आपल्याला नवल वाटत नाही. आजच्या हिशेबाने तो बाप्तिस्मा १७२६चा ठरतो, आणि वंशावळीत तो १७२५/२६ असा दोन्ही वर्षे दाखवून लिहावा. नुसते १७२६ लिहिले तर मूळ पान पाहणारा पुढचा माणूस गोंधळेल.

तीर्थोपाध्यायांच्या वहीत कुळ एका जागी सापडते, तशी सोय तिकडे नाही. मात्र इंग्लंडच्या दप्तरात बायकांची माहेरची आडनावे, धंदा, घराचा पत्ता, मृत्यूचे कारण असा तपशील मिळतो, जो आपल्या बहुतेक नामावळींत नाही. १९११च्या खानेसुमारीत तर विवाहाला किती वर्षे झाली, किती मुले जन्मली आणि त्यांतील किती वारली हेही विचारलेले आहे, आणि कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला कागद पाहायला मिळतो. नातीने १९२१पासून मागे यावे हे उत्तम, कारण खानेसुमारीची पाने शंभर वर्षांनी खुली होतात. १९३१ची पाने १९४२च्या आगीत नष्ट झाली आणि १९४१मध्ये युद्धामुळे गणना झालीच नाही. त्या पोकळीत सप्टेंबर १९३९ची राष्ट्रीय नोंदवही कामी येते.

प्रश्न : माझे खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात ब्रिटिश पलटणीबरोबर देवळालीच्या छावणीत होते. त्यांची सेवापुस्तिका इंग्लंडमध्ये सापडत नाही. शोध सोडून द्यावा का? — एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : सोडू नये. ते अधिकारी नसून साधे शिपाई असतील, तर त्यांचे कागद बहुधा सप्टेंबर १९४०मध्ये लंडनवरील बॉम्बवर्षावात जळाले. ते ज्या गोदामात ठेवले होते, तेथील निम्म्याहून अधिक कागदपत्रे त्या वेळी गेली, आणि उरलेल्यांतील अनेक कडेने करपलेली व पाण्याने भिजलेली आहेत. परंतु पदकांची सूचीपत्रे वेगळी ठेवलेली होती, ती वाचली. त्यावर नाव, हुद्दा, पलटण आणि सैनिक क्रमांक असतो. एकाच नावाचे शिपाई शेकड्यांनी असल्याने पलटण किंवा क्रमांक आधी घरातच शोधावा : पदक जपलेले असेल तर त्याच्या कडेवर दोन्ही बारीक अक्षरांत कोरलेले असतात, आणि ती कड भिंगातून तिरप्या उजेडात वाचावी लागते. पदक पॉलिश करून चकचकीत करू नये, अक्षरे झिजतात.