सीनिअरांचे कार्यालय सोडताना: वकीलपत्रे, फायली आणि पाच लाखांची अट

प्रश्न: मी सांगली येथे एका ज्येष्ठ वकिलांच्या कार्यालयात नऊ वर्षांपासून काम करते. गेली चार वर्षे कार्यालयाच्या लेटरहेडवर माझे नाव ‘भागीदार’ म्हणून छापले जाते. मात्र भागीदारीपत्र झालेले नाही आणि मला दरमहा ठरलेली रक्कम मिळते. कोल्हापूरच्या सर्किट बेंचसमोर काम करणाऱ्या एका लॉ फर्मने मला बोलावले आहे. २०२१ मध्ये सरांनी स्टॅम्पपेपरवर करार लिहून घेतला होता. कार्यालय सोडायचे असल्यास तीन महिने आधी कळवावे, त्यानंतर तीन वर्षे सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत वकिली करू नये, कार्यालयाच्या पक्षकारांचे काम घेऊ नये, अन्यथा पाच लाख रुपये द्यावेत, असे त्यात लिहिले आहे. सुमारे चाळीस प्रकरणांत वकीलपत्रावर सरांबरोबर माझीही सही आहे आणि त्यांतील काही पक्षकार माझ्याबरोबर येऊ म्हणतात. नव्या फर्मकडे एका साखर कारखान्याचे काम आहे. त्याच कारखान्याविरुद्ध शेतकऱ्यांनी लावलेल्या दाव्याचे वादपत्र मी लिहिलेले आहे. ‘एकही फाईल बाहेर जाणार नाही आणि बार कौन्सिलकडे तक्रार करीन,’ असे सर म्हणतात. मी काय करावे?

उत्तर: १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, आणि चाळीसहून अधिक वर्षांची मागणी पुरी होत असतानाच या जिल्ह्यांतील वकिलांच्या कार्यालयांची घडीही विस्कटू लागली. ज्या अपिलासाठी पूर्वी मुंबईच्या वकिलाकडे कागद पाठवावे लागत, ते आता जिल्ह्यातलाच वकील चालवू शकतो. त्यामुळे अनुभवी जुनिअरला मागणी आली आणि सीनिअरांना धास्ती वाटू लागली. तुमचा करार मी पाहिलेला नाही. तुम्ही दिलेल्या तपशिलावरूनच पुढील मत देत आहे.

पहिला मुद्दा तीन वर्षांच्या बंदीचा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार ज्या करारामुळे एखाद्या व्यक्तीस कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यास मनाई होते, तो करार तेवढ्या मर्यादेपर्यंत निरर्थक असतो. या कलमाला अपवाद एकच, आणि तो व्यवसायाच्या नावलौकिकाच्या विक्रीचा आहे. बंदी तीन वर्षांची की तीन महिन्यांची, दोन जिल्ह्यांपुरती की राज्यभराची, म्हणजे ती वाजवी आहे की अवाजवी, हा प्रश्न करार संपल्यानंतरच्या बंदीबाबत आपली न्यायालये सहसा विचारातच घेत नाहीत. येथे एक भेद मात्र लक्षात ठेवावा लागतो. कल्याणच्या कारखान्यातील पर्यवेक्षकाच्या, निरंजन शंकर गोलिकरी यांच्या, १९६७ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या चालू मुदतीत प्रतिस्पर्ध्याकडे काम न करण्याची अट मान्य केली होती, कारण ते पाच वर्षांच्या मुदतीच्या मध्येच काम सोडून गेले होते. त्याउलट आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खान यांच्याविरुद्ध त्यांच्या व्यवस्थापन कंपनीने आणलेल्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, करार संपल्यानंतरही बाहेरून आलेला प्रस्ताव आधी कंपनीपुढे ठेवावा लागेल ही अट कलम २७ खाली प्रथमदर्शनी निरर्थक ठरवली. तुमच्यावरील बंदी कार्यालय सोडल्यानंतरच्या काळाची आहे आणि ती थेट पेशा करण्यावरच आहे. शिवाय अधिवक्ता अधिनियम, १९६१ चे कलम ३०, जे १५ जून २०११ पासून अंमलात आले, ते प्रत्येक वकिलाला देशभरातील न्यायालयांत वकिलीचा हक्क देते. म्हणून ही अट न्यायालयात टिकेल असे मला वाटत नाही.

सरांच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र होऊ शकतो, आणि त्यासाठीच लेटरहेडवरील त्या शब्दाकडे मी लक्ष वेधतो. भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ३६ प्रमाणे बाहेर पडणारा भागीदार ठरावीक मुदतीत किंवा ठरावीक क्षेत्रात तसाच व्यवसाय करणार नाही असा करार करू शकतो, आणि अटी वाजवी असतील तर कलम २७ असूनही तो वैध असतो. म्हणजे तुम्ही भागीदार ठरलात तर बंदीला बळ येते. पण नफ्यातील वाटणीच्या करारावाचून भागीदारी होत नाही. दरमहा ठरलेली रक्कम घेणारी व्यक्ती केवळ छपाईमुळे भागीदार ठरत नाही. शिवाय सरांनी तुम्हाला भागीदार म्हटले तर चार वर्षांच्या नफ्याचा हिशेब देण्याची तयारीही त्यांना दाखवावी लागेल. आणि फर्मची नोंदणी झालेली नसेल, तर भागीदारीच्या करारातून आलेला हक्क बजावण्यासाठी एका भागीदाराने दुसऱ्यावर लावलेला दावा कलम ६९ मुळे चालत नाही. फायद्यापुरती भागीदारी आणि हिशेबाच्या वेळी नोकरी, अशी दुहेरी भूमिका घेऊन न्यायालयात फार दूर जाता येत नाही.

लेटरहेडचा धोका मात्र तुम्हालाही आहे. भागीदारी अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे जी व्यक्ती स्वतःला भागीदार म्हणून दाखवते किंवा जाणूनबुजून दाखवू देते, ती त्या भरवशावर फर्मला उधारी देणाऱ्याला भागीदारासारखीच जबाबदार धरली जाते. त्यामुळे सोडण्याच्या पत्रात लेटरहेड, नामफलक आणि शिक्क्यावरून नाव काढण्याची लेखी मागणी करा. त्या पत्रात ‘भागीदारी सोडत आहे’ असे चुकूनही लिहू नका, कारण तुमची भूमिका भागीदारी कधीच नव्हती अशी आहे आणि तुमच्याच सहीचा कागद तिच्याविरुद्ध उभा राहील. ‘कार्यालयातील काम थांबवत आहे’ एवढे शब्द पुरेसे आहेत.

पाच लाखांबद्दल थोडक्यात सांगतो. निरर्थक अटीच्या भंगासाठी ठेवलेली रक्कम त्या अटीबरोबरच पडते. अट वैध असतानाही करार अधिनियमाच्या कलम ७४ खाली करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई ठरवते. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान तीन वर्षे सेवा न करता गेलेल्या कर्मचाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अट मान्य केली, हे सर तुम्हाला ऐकवतीलच. मात्र ती अट सेवेच्या मुदतीपुरती होती आणि सरकारी बँकेच्या भरतीच्या खर्चाशी जोडलेली होती; सोडल्यानंतर कोठेही वकिली करू नका असे तिच्यात नव्हते. तीन महिन्यांच्या पूर्वसूचनेची अट मात्र वैध आहे, योग्यही आहे, आणि ती तंतोतंत पाळा.

आता पक्षकार. तुमच्या पत्रात ‘कार्यालयाचे पक्षकार’ आणि ‘माझ्याबरोबर येऊ म्हणणारे पक्षकार’ असे दोन शब्दप्रयोग आहेत आणि दोन्हींत पक्षकार कोणाच्या तरी मालकीचा आहे असे गृहीत धरलेले दिसते. वकील नेमण्याचा आणि बदलण्याचा अधिकार पक्षकाराचा आहे. सरांचा करार तो अधिकार काढून घेऊ शकत नाही आणि तुमची त्यांच्याशी असलेली जवळीकही तो तुम्हाला देत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला परिपत्रकाने, जाहिरातीने किंवा वैयक्तिक संदेशांतून काम मागता येत नाही. म्हणून व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर नव्या फर्मचे नाव झळकवणे, गावोगावी फोन करून ‘वकीलपत्र इकडे फिरवा’ असे सांगणे, हे सगळे टाळा. मात्र ज्यांच्या वकीलपत्रावर तुमची सही आहे त्यांना तुम्ही अमुक तारखेपासून या कार्यालयात नसाल हे कळवणे हे काम मागणे नव्हे. नियम १२ प्रमाणे पुरेशी सूचना न देता काम सोडणे हाच नियमभंग आहे. ते पत्र सर आणि तुम्ही दोघांच्या सहीने जावे, त्यात पुढील तारीख लिहावी, आणि पक्षकाराने कोणाकडे जायचे ते त्याने स्वतः सहीने कळवावे असे सुचवावे. सरांनी सही नाकारली तर तोच मजकूर तुमच्या एकटीच्या सहीने पाठवा, एक प्रत सरांना द्या आणि पोहोच जपून ठेवा.

पुढचे पाऊल न्यायालयातले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे वकीलपत्र न्यायालयाच्या परवानगीने लेखी संपुष्टात आणेपर्यंत चालू राहते. त्यामुळे कार्यालय सोडले म्हणजे काम सुटले असे होत नाही. रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत, तुमचे नाव असेपर्यंत गैरहजेरीत एकतर्फी हुकूम झाला तर पक्षकार तुम्हालाही जाब विचारेल. जे पक्षकार सरांकडे राहतील त्यांच्या प्रकरणांत तुम्ही वकीलपत्र काढून घेण्याची पुरसिस, म्हणजे न्यायालयाला लेखी निवेदन, द्या. जे तुमच्याकडे येतील त्यांनी सरांचे वकीलपत्र संपवण्याचा अर्ज स्वतःच्या सहीने द्यावा. नव्या फर्ममधील एखादा सहकारी हजर होणार असेल, तर बार कौन्सिलच्या नियम ३९ प्रमाणे आधीच्या वकिलाची ना-हरकत लागते. ती मिळत नसेल तर कारणे देऊन न्यायालयाची परवानगी मागावी लागते. मी माझ्या सीनिअरांचे कार्यालय सोडले तेव्हा एका दाव्यात ना-हरकत मिळाली नाही. अर्ज दिला, न्यायाधीशांनी दोन तारखांत परवानगी दिली, आणि सीनिअर त्यानंतर वर्षभर बाररूममध्ये माझ्याशी बोलले नाहीत. त्या मौनावर कायद्यात उपाय नाही. कोल्हापुरातील अपिलांचे गणित सोपे आहे, कारण तेथे पक्षकार नवे वकीलपत्र देतो.

फायलींच्या बाबतीत सरांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. कार्यालयातून तुम्ही स्वतः एकही फाईल उचलू नका. फाईल पक्षकाराची आहे आणि ती त्यानेच मागायला हवी. मात्र त्याने मागितली तर, फी बाकी असली तरीही, सरांना ती अडवून ठेवता येणार नाही. भोपाळच्या एका वकिलाने मध्य प्रदेश राज्य सहकारी बँकेच्या फायली फीसाठी रोखून धरल्या होत्या, आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वकिलाला फायलींवर असा हक्क नाही आणि त्या न देणे हे गैरवर्तन आहे असे ठरवले. बाकी फी वसूल करण्याचा मार्ग वेगळा आहे. कार्यालयाच्या संगणकातील मसुदे, पक्षकारांची यादी, फीचे दर यांची प्रत पेनड्राईव्हवर घेण्याचा मोह मात्र आवरा. दिलजीत टायटस विरुद्ध आल्फ्रेड अडेबारे या २००६ च्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने एका लॉ फर्ममधून बाहेर पडलेल्या वकिलांना तेथून उचललेली अशी माहिती वापरण्यास मनाई केली. स्वतःच्या डोक्यातील ज्ञान व कौशल्य वापरण्यास मात्र मनाई नव्हती. नऊ वर्षे वादपत्रे लिहिलेल्या वकिलाला सरांच्या जुन्या मसुद्याची गरज पडू नये, असेही मला वाटते.

तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर बाब साखर कारखान्याची आहे, आणि तुम्ही ती एका वाक्यात उरकली आहे. बार कौन्सिलच्या नियम ३३ प्रमाणे ज्या वकिलाने एका पक्षासाठी सल्ला दिला, वादपत्र लिहिले किंवा काम केले, त्याला त्या प्रकरणात विरुद्ध पक्षासाठी उभे राहता येत नाही. शेतकऱ्यांनी तुम्हाला सांगितलेल्या गोष्टींची गुप्तता, जी पूर्वी पुरावा अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, काम संपल्यानंतरही कायम राहते. नियम ३३ एका वकिलाबद्दल बोलतो, पण शेतकऱ्यांना जेव्हा कळेल की आपले वादपत्र लिहिणाऱ्या वकीलबाई आता कारखान्याच्या वकिलांच्या दालनात बसतात, तेव्हा त्यांना नियमाचा शब्द समजावून सांगून भागणार नाही. शेतकऱ्यांचे काम सरांकडेच राहू द्या आणि तेथे तुमचे वकीलपत्र सर्वांत आधी काढून घ्या. रुजू होण्यापूर्वी नव्या फर्मकडून लेखी घ्या की या प्रकरणाची फाईल, चर्चा किंवा बैठक तुमच्यापर्यंत येणार नाही, आणि हे शेतकऱ्यांनाही कळवा. फर्म लेखी द्यायला कचरत असेल, किंवा पहिल्याच भेटीत त्या दाव्याची विचारपूस झाली असेल, तर त्यांना तुमची वकिली हवी आहे की तुमच्याकडची माहिती, हे तुम्हाला समजले पाहिजे. तसे असेल तर ही संधी नाकारा.

बार कौन्सिलच्या तक्रारीची भीती बाळगू नका. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली चौकशी व्यावसायिक किंवा अन्य गैरवर्तनाची होते आणि कार्यालय बदलणे हे गैरवर्तन नाही. तक्रारीला जागा मिळेल ती पक्षकार फोडल्यामुळे, फाईल नेल्यामुळे किंवा तारीख वाऱ्यावर सोडल्यामुळे. सांगली आणि कोल्हापूर दोन्ही एकाच महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या कक्षेत असल्यामुळे सनद हस्तांतरित करण्याचाही प्रश्न नाही. पत्ता बदलल्याचे कळवले की झाले.

हे सगळे लेखी होण्यापूर्वी सरांना एकदा संध्याकाळी, कारकून गेल्यावर, त्यांच्याच चेंबरमध्ये भेटा. चाळीस प्रकरणांची यादी घेऊन जा: प्रकरण क्रमांक, पुढील तारीख, टप्पा, घेतलेली फी, झालेले काम. शेतकऱ्यांचा दावा तुम्ही आपण होऊन त्यांच्याकडे ठेवत आहात हे पहिल्यांदा सांगा. बहुतेक सीनिअरांचा राग जुनिअर गेल्याचा नसतो. आपल्याला बाहेरून कळल्याचा असतो. यादीवर दोघांच्या सह्या झाल्या तर करारातील पाच लाखांचा विषय बहुधा पुन्हा निघणार नाही, आणि निघालाच तर उत्तर देण्याआधी तो करार मला दाखवा.

एक राहिले. चाळीसपैकी ज्या प्रकरणांत ई-फायलिंग तुमच्या खात्यावरून झाले आहे, त्यांचे संदेश तुमच्याच मोबाइलवर येत राहतील आणि त्या खात्याचा पासवर्ड बहुतेक कार्यालयांत कारकुनाला ठाऊक असतो. पुरसिसा दाखल होईपर्यंत आलेला प्रत्येक संदेश सरांच्या कार्यालयाला पुढे पाठवा, आणि शेवटची पुरसिस दाखल झाली त्या दिवशी पासवर्ड बदला.