आयोवा सिटीत घर घेण्याआधी एक हिवाळा भाड्याच्या घरात काढा

प्रश्न: आम्ही फ्रीमाँटला भाड्याच्या घरात राहतो. पत्नीला आयोवा विद्यापीठात 95 हजार डॉलरची नोकरी मिळाली आहे, ऑगस्टमध्ये रुजू व्हायचं आहे. माझी कंपनी घरून काम करू देते, पण 1 लाख 65 हजारांच्या पगारात 15 टक्के कपात करणार. शिल्लक 1 लाख 40 हजार. आयोवा सिटीत बेसमेंट असलेलं चार बेडरूमचं घर 4 लाखांत मिळतंय, मालमत्ता कर वर्षाला 6,800. तसंच घर भाड्याने 2,100 ला आहे. मुलगी सहा वर्षांची. बाबांना दमा आहे, ते दर वर्षी ऑगस्ट ते जानेवारी पुण्याहून आमच्याकडे येतात. थंडीची धास्ती आहे, पण कॅलिफोर्नियात या पैशात गॅरेजही येणार नाही. घर लगेच घ्यावं का?

उत्तर: नोकरी घ्या, आयोवा सिटीला जा, पण घर या ऑगस्टमध्ये घेऊ नका. थंडी सोसवेल की नाही ही शंका रास्त आहे, मात्र त्यासाठी मी थांबायला सांगत नाही. मिडवेस्टमध्ये हवामानाचा खर्च घराच्या किमतीत दिसत नाही. तो नंतर विम्यात, छपरात, बेसमेंटमध्ये आणि गाड्यांच्या टायरांत थोडाथोडा निघत राहतो. जुलैमध्ये दोन दिवसांसाठी जाऊन घर पाहणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही.

आधी साधा हिशेब. 4 लाखांच्या घराला 80 हजार डाउन पेमेंट. उरलेल्या 3 लाख 20 हजारांवर साडेसहा टक्के व्याज आणि 30 वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे 2,023. कराचे 567, विम्याचे अंदाजे 200, देखभालीला घराच्या किमतीच्या एक टक्का म्हणजे 333. बेरीज 3,123, भाड्यापेक्षा हजारभर जास्त. पहिल्या वर्षात मुद्दल फिटेल ते जेमतेम 3,577 डॉलर. नोकरी किंवा गाव मानवलं नाही आणि दोन वर्षांत विकायची पाळी आली, तर दलाली आणि इतर खर्च मिळून 24 ते 28 हजार जातील. म्हणजे एक वर्ष भाडं भरणं हा तोटा नाही, चुकीचं घर गळ्यात न पडण्याचा तो विमा आहे.

कराचा जो आकडा जाहिरातीत आहे तोही तपासा. आयोवात मालमत्ता कर मागच्या काळाचा भरतात, सप्टेंबर आणि मार्च अशा दोन हप्त्यांत. घर नवं असेल, तर दाखवलेला कर कधीकधी नुसत्या मोकळ्या जमिनीवरचा असतो आणि पुढे एकदम चढतो. काउंटीच्या असेसरच्या, म्हणजे घरांचं करासाठी मूल्यांकन करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, संकेतस्थळावर घराचं पूर्ण मूल्यांकन झालंय का ते बघता येतं.

आता हवामान. आयोवा सिटीत जानेवारीच्या रात्री सरासरी उणे 10 सेल्सियसच्या आसपास जातात. अधूनमधून याहून फार खाली: 31 जानेवारी 2019 ला तासाभराच्या अंतरावरच्या मोलीनला पारा उणे 33 फॅरनहाइटवर, म्हणजे उणे 36 सेल्सियसवर उतरला होता. असे दिवस थोडे असतात, त्यांना घाबरून निर्णय फिरवू नका. खरी दमछाक होते ती नोव्हेंबर ते मार्च सलग चालणाऱ्या राखाडी दिवसांनी. डिसेंबरात उजेड जेमतेम नऊ तास. तुम्ही घरून काम करणार, पत्नी निदान कॅम्पसवर जाईल. म्हणून भाड्याचं घर घेतानासुद्धा तुमच्या कामाची खोली दक्षिणेकडे तोंड असलेली बघा.

पैशांच्या दृष्टीने थंडीपेक्षा पाणी महाग पडतं. जून 2008 मध्ये आयोवा नदीला पूर आला तेव्हा कोरलव्हिल धरणाच्या सांडव्यावरून पाणी गेलं, 1993 नंतर दुसऱ्यांदा. विद्यापीठाच्या कित्येक इमारती बुडाल्या. हॅन्चर सभागृह तर पाडावंच लागलं, नवं उभं राहायला 2016 उजाडलं. नॉर्मंडी ड्राइव्ह परिसरातली अनेक घरं नंतर सरकारी पैशातून विकत घेऊन पाडली गेली. नदीकाठ टाळला की सुटलो असं मात्र नाही. पूर्वेकडच्या वस्त्यांतून राल्स्टन क्रीक वाहतो, आणि तासाभराच्या मुसळधार पावसात असे ओढे नदीपेक्षा लवकर चढतात.

फेमाच्या, म्हणजे अमेरिकेच्या आपत्ती-निवारण खात्याच्या, पूरनकाशात पत्ता घालून बघा. ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पूर म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता, आणि 30 वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तीच 26 टक्के होते. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो. सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो: इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख, सामानाला एक लाख. स्वतःहून घेतला तर लागू व्हायला 30 दिवस जातात, गृहकर्जासोबत घेतला तर थांबावं लागत नाही. आणि बेसमेंटच्या बाबतीत हा विमा हात आखडता घेतो. फर्नेस, गिझर यांसारखी यंत्रं धरतो. तिथे केलेली खोली, गालिचा, सोफा, टीव्ही सोडून देतो. चौथी बेडरूम बेसमेंटमध्ये असेल तर हे आधी लक्षात घ्या.

घर बघायला जाल तेव्हा वरचं स्वयंपाकघर शेवटी बघा, आधी खाली उतरा. भिंतीच्या तळाशी आपल्याकडच्या जुन्या वाड्यांना लागतो तसा पांढरा लोणा लागलाय का? तो असेल तर भिंत पाणी ओढते आहे. फर्नेसच्या आणि गिझरच्या पायाशी गंजाची आडवी रेघ दिसली, तर पाणी एकदा तिथवर चढलं होतं. एका कोपऱ्यात जमिनीत झाकण असलेला खड्डा असेल, त्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा सम्प पंप. त्यात बादलीभर पाणी ओता. तरंगणारा फ्लोट वर यायला हवा, पंप आपोआप सुरू व्हायला हवा आणि पाणी घराच्या भिंतीपासून लांब जाऊन पडायला हवं. वादळात वीज जाते ती नेमकी पंपाची गरज असते तेव्हाच, म्हणून बॅटरीवर चालणारा जोडपंप आहे का विचारा. नसेल तर काही शे ते दीड हजार डॉलर धरा. गटाराचं पाणी उलटं येणं किंवा पंप बंद पडणं यासाठी विम्याला वेगळी जोड घ्यावी लागते. ती स्वस्त असते, तरी लोक विसरतात आणि मग स्वतःच्या खिशातून भरतात.

दुसरा खर्च डोळ्यांना दिसतच नाही: रेडॉन. मातीतून येणारा हा किरणोत्सारी वायू बेसमेंटमध्ये साठतो. धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते मोठं कारण आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने आयोवाच्या सगळ्या 99 काउंट्या सर्वांत धोक्याच्या गटात टाकल्या आहेत. घराच्या तपासणीत ही चाचणी सांगून करून घ्या. किमान 48 तासांची, आधी 12 तास आणि चाचणीभर दारं-खिडक्या बंद ठेवून, लोक वापरतात अशा सर्वांत खालच्या मजल्यावर. आकडा 4 पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्याहून वर आला, तर लादीखालून पाइप काढून छपरावर सोडणारी पंख्याची व्यवस्था बसवतात. सहसा एक ते अडीच हजारांत काम होतं आणि विकणाऱ्याकडून तेवढी रक्कम कापून घेता येते. भाड्याच्या घरातही ही चाचणी कराच, किट थोडक्या पैशात मिळतं. बाबांची झोपायची सोय बेसमेंटमध्ये करणार असाल तर त्याआधी करा.

वारा आणि गारा. 10 ऑगस्ट 2020 च्या डेरेचो वादळात (लांबवर सरळ रेषेत धावणारं वाऱ्याचं वादळ) शेजारच्या सीडर रॅपिड्सला वाऱ्याचा वेग ताशी 140 मैलांपर्यंत गेल्याचा अंदाज आहे. शहरातली निम्म्याहून जास्त झाडं पडली, काही घरांत दोन आठवडे वीज नव्हती. खुद्द आयोवा सिटीच्या मध्यभागातून 13 एप्रिल 2006 ला टोर्नेडो गेला. विम्याचं पत्रक हाती आलं की दोन ठिकाणी बोट ठेवून विचारा. पहिलं, वारा-गारांचं डिडक्टिबल (दाव्यातला तुम्ही स्वतः भरायचा भाग) ठरावीक रकमेचं आहे की टक्क्यांत? 4 लाखांच्या विम्यावर 2 टक्के म्हणजे पहिले 8 हजार तुमचे. दुसरं, छपराची भरपाई नव्या छपराच्या किमतीने की घसारा वजा करून? छप्पर 15 वर्षांचं असेल आणि घसारा वजा होणार असेल, तर हातात फारच थोडं पडतं. घराचे मागच्या सात वर्षांतले विमादावे दाखवणारा अहवालही विकणाऱ्याकडून मागून घ्या. अंगणात ॲशचं झाड असेल तर तेही मोजा. कीड लागून ही झाडं सर्वत्र मरताहेत आणि घरावर झुकलेलं मोठं झाड उतरवायला हजारांत पैसे लागतात.

थंडीत होणारं एक नुकसान मात्र आपल्या लोकांच्या वाट्याला हमखास येतं, कारण आपण डिसेंबरात भारतात जातो. घर रिकामं, थर्मोस्टॅट काटकसर म्हणून खूप खाली, बाहेरच्या नळाला बागेचा पाइप तसाच. पाइपात अडकलेलं पाणी गोठून फुगतं, भिंतीतला नळ तडकतो आणि बर्फ वितळल्यावर पाणी आत वाहू लागतं. ऑक्टोबरातच बागेचा पाइप काढून ठेवा. जाताना मुख्य कॉक बंद करून नळ रिकामे करा, थर्मोस्टॅट 55 फॅरनहाइटच्या खाली नेऊ नका, आणि कोणाला तरी दर दोन-तीन दिवसांनी डोकावून जायला सांगा. घर गरम ठेवलं नव्हतं असं दिसलं तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

बाबांच्या येण्याच्या तारखा बदला, हे मी आग्रहाने सांगतो. ऑगस्टच्या मध्यापासून पहिलं कडक दंव पडेपर्यंत रॅगवीड या तणाचे परागकण हवेत असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात मका-सोयाबीनच्या काढणीची धूळ असते. मग कोरडी थंडी आणि निसरडे पदपथ. म्हणजे दम्याच्या माणसाला नको ते सगळं त्याच सहा महिन्यांत येतं. मेच्या सुरुवातीला बोलावून ऑगस्टच्या आरंभी परत पाठवलंत, तर दमट उकाडा सोसावा लागेल, पण तो पुण्याच्या माणसाला नवा नाही. सीडर रॅपिड्सहून भारतात थेट विमान नाही, शिकागोसारख्या ठिकाणी बदलावं लागतं. हिवाळ्यात ही जोडणी चुकण्याची भीती जास्त, तेही टळेल.

गावाबाहेर एकरभर जागेसह स्वस्त घर दिसलं तर दोन गोष्टी बघा. पाणी विहिरीचं असेल तर नायट्रेट तपासा. मर्यादा नायट्रोजनच्या हिशेबात लिटरला 10 मिलिग्रॅम आहे, आणि खतं व जनावरांच्या शेणखतामुळे आयोवात हा प्रश्न खरा आहे. दुसरं, डुकरांचे मोठे गोठे कोणत्या दिशेला आणि किती लांब आहेत. आयोवात माणसांपेक्षा डुकरं कितीतरी पटींनी जास्त आहेत. वारा फिरला की वास घरात येतो आणि विकताना गिऱ्हाईक फिरकत नाही.

गावाची जमेची बाजूही पैशांत मोजा. राज्याचा आयकर 2025 पासून सरसकट 3.8 टक्के आहे, कॅलिफोर्नियाच्या मानाने बराच कमी. तुमच्या 24,750 डॉलरच्या पगारकपातीतला काही भाग तिथून भरून निघेल. मात्र कंपनीचे शेअर तुम्हाला मिळायचे असतील, तर जितके दिवस कॅलिफोर्नियात काम केलंत तितक्या भागावर कॅलिफोर्निया नंतरही कर मागते, तेवढी तजवीज ठेवा. शहरबसला 2023 पासून तिकीट नाही. बसमार्गावर घर घेतलंत तर पहिल्या वर्षी दुसरी गाडी लागणार नाही, आणि ही बचत स्नो टायरपेक्षा कितीतरी मोठी आहे. शेजारच्या कोरलव्हिल किंवा नॉर्थ लिबर्टी या गावांत घर स्वस्त मिळालं तरी दुसऱ्या गाडीचा खर्च त्यात मिळवून मगच तुलना करा.

1 लाख 40 हजारांपैकी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढा, त्याला हात लावू नका. पहिल्या हिवाळ्यासाठी 3 ते 4 हजार वेगळे ठेवा: टायर, तिघांचे कोट आणि बूट, बर्फ सरकवायची साधनं. बर्फ पडायचा थांबल्यापासून 24 तासांत पदपथावरचा बर्फ काढावा लागतो. ते काम भाडेकरूचं की मालकाचं, हे करारात लिहून घ्या. उरलेले पैसे सरकारी रोख्यांत किंवा चांगल्या व्याजाच्या बचत खात्यात असू द्या, शेअरबाजारात नको, कारण वर्षभरात ते डाउन पेमेंटला लागतील.

शेवटी कॉलेजच्या गावातली एक अडचण. तिथले भाडेकरार बहुतेक 1 ऑगस्ट ते जुलैअखेर असतात, आणि पुढच्या वर्षी राहणार का हे मालक नोव्हेंबरातच विचारू लागतो. म्हणजे तुम्ही एकही हिवाळा पाहिलेला नसताना. सही करण्याआधी दोन गोष्टी मागा: नूतनीकरणाचं उत्तर फेब्रुवारीअखेर द्यायची मुभा, आणि जुलैनंतर महिना-महिना राहण्याची सोय. ऐन गावातले मालक सहसा ऐकत नाहीत. कुटुंबांना घरं देणारे, विद्यापीठाच्या स्टेडियमपासून लांबचे मालक ऐकतात, त्यासाठी महिन्याला 50-100 डॉलर जास्त पडले तरी द्या. मग एप्रिल-मेमध्ये, बर्फ वितळून पाऊस सुरू झाला की घरं बघायला निघा. तेव्हा बेसमेंट कोरडं सापडलं, तर ते बहुधा खरंच कोरडं असेल.