कविता कळत नाही म्हणून बंद करून ठेवलीये

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांचा, हिंजवडीत आयटीत आहे. शाळा सुटली तशी कविताही सुटली. मागच्या महिन्यात अप्पा बळवंत चौकातून आजच्या कवींचे दोन संग्रह आणले, पण चार-पाच कवितांपुढे जाताच येईना. यमक नाही, चाल नाही, अर्थ तर लागतच नाही. हे ओळी तोडून लिहिलेलं गद्यच नाही का? की माझंच काही कमी पडतंय? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमचं काहीही कमी पडत नाहीये, हे आधी सांगते. आपल्याला कविता शिकवली ती रसग्रहणाच्या मार्कांसाठी, 'कवीला काय म्हणायचे आहे ते तुमच्या शब्दांत लिहा', आणि ती सवय इतकी मुरलेली असते की संग्रह उघडला की पहिल्या ओळीपासूनच आपण उत्तर शोधत बसतो, मग ते सापडलं नाही की वाटतं आपण नापास.

ओळी तोडण्याचं म्हणाल तर हे बघा. 'आई गेली बाजारात' हे एका ओळीत वाचा, काहीच होत नाही. आता 'आई गेली' एवढंच एका ओळीत ठेवा आणि 'बाजारात' खालच्या ओळीत. मधल्या त्या क्षणात पोटात धस्स होतं ना? शब्द तेच, फक्त ओळ तोडली. म्हणून मुक्तछंद, म्हणजे ही यमक-चालीविना लिहिलेली कविता, वाचताना ओळीच्या शेवटी किंचित थांबायचं, आणि शक्यतो मोठ्याने वाचायचं, घरातले हसले तर हसू देत.

चाल नाही म्हणून अडखळत असाल तर आधी थोडं मागे जाऊन बा. सी. मर्ढेकरांपासून सुरुवात करा. त्यांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ चा, म्हणजे आजचा नाही, पण आजच्या कवितेचा रस्ता तिथूनच फुटतो. 'पिपांत मेले ओल्या उंदिर' ही ओळ घ्या. मात्रा मोजल्या तर बरोब्बर १६ भरतात, म्हणजे कानाला ओळखीची जुनी चाल, आणि डोळ्यांपुढे मेलेले उंदीर! शिवाय 'ओल्या' हा शब्द उंदराला चिकटून आलाय पण तो आहे पिपाचा, ओल्या पिपात उंदीर मेले. हे लक्षात यायला मला कितीतरी वाचनं लागली, आणि आलं तेव्हा जो आनंद झाला तो अजून आठवतो.

एखादा शब्दच माहीत नसेल तर सरळ विचारा, त्यात लाज कसली. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, आणि त्यांनासुद्धा त्यातले कितीतरी शब्द ढसाळांना विचारून घ्यावे लागले होते, मुंबईतला गोलपिठ्याचा भाग त्यांच्यासोबत फिरून बघावा लागला होता. ती प्रस्तावना नक्की वाचा, नव्या वाचकाला खूप धीर येतो. अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' मात्र आत्ता नको, फार मोठं काम आहे ते, जगभरच्या रडणाऱ्या बायका आहेत त्यात, वर्षभराने हातात घ्या.

संग्रह कादंबरीसारखा सलग वाचू नका. मधूनच कुठूनही उघडा, हिंजवडीच्या बसमध्ये एकच कविता, तीच परतीच्या बसमध्ये. आवडली नाही तर पान उलटा. दोन्ही संग्रह नाहीच जमले तर वाचनालयातून तिसरा आणा, विकत घ्यायची घाई नको, आणि दिवाळी अंकातलं कवितांचं पान आपण दरवर्षी सोडून देतो ते यंदा सोडू नका, दहा-पंधरा वेगवेगळे कवी एकाच ठिकाणी भेटतात.

आणि एखादी कविता कळली नाही तरी डोक्यातून जात नसेल तर ती वहीत हाताने उतरवून काढा. मी एकदा अशीच एक उतरवत होते, आधी तीनदा वाचलेली, आणि अर्ध्यावर आल्यावर ध्यानात आलं की हिच्यात कुठे क्रियापदच नाहीये, नुसती घरातल्या वस्तूंची नावं, चष्मा, काठी, गोळ्यांचा डबा, एकामागून एक. माणूस गेल्यानंतरचं घर होतं ते.